करारावर सही करण्याआधी

प्रिय,

सायकलिंग टीमच्या करारातल्या त्या एका कलमाचा फोटो तू पाठवलास आणि खाली नुसतं प्रश्नचिन्ह. रोडचा, म्हणजे डांबरी रस्त्यावरच्या शर्यतींचा, सीझन संपला तरी सायक्लोक्रॉस (चिखल-गवतातली हिवाळी शर्यत), ट्रॅक, माउंटन बाइक यांतल्या कुठल्याच शर्यतीत उतरायचं नाही, असं ते कलम. घरचे खूश, कारण रोडमध्ये पगार आहे. तुझे सायक्लोक्रॉसचे कोच चिडलेत. आणि मी त्यांचीच बाजू घेणार असं तू धरून चालली आहेस. मी अर्धीच घेणार आहे.

त्या कलमासकट सही करू नकोस. पण ‘मला चारही प्रकार हवेत’ असं सांगायलाही जाऊ नकोस, कारण त्यावर टीमचा मॅनेजर हसेल आणि त्याचं हसणं चुकीचं नसेल.

‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ हे तुला वर्षभर ऐकवलं गेलंय. ऐकवणाऱ्यांना तू नेदरलँड्सच्या मारियान व्हॉसचं नाव सांगतेस, तेही बरोबर आहे. २००६ च्या जानेवारीत ती १८ वर्षांची असताना सायक्लोक्रॉसची जगज्जेती झाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात रोडची. २००८ ला बीजिंगमध्ये ट्रॅकवर पॉइंट्स रेसचं सुवर्ण, २०१२ ला लंडनमध्ये रोड रेसचं. पण २०१५ चा तिचा बहुतेक सीझन दुखापतीत आणि अतिसरावाच्या थकव्यात गेला, हे तू सांगत नाहीस. त्यातून ती परत आली, २०२२ मध्ये आठव्यांदा सायक्लोक्रॉसची जगज्जेती झाली. म्हणजे तुझं उदाहरण खोटं नाही, फक्त मधली वर्षं गाळलेलं आहे.

आता जे खरंच एका प्रकारातून दुसऱ्यात जातं त्याबद्दल बोलू, कारण मॅनेजरसमोर तुला हेच मांडायचंय.

सायक्लोक्रॉसची शर्यत तासाभराची, तुम्हा ज्युनियरची त्याहूनही छोटी. टायर जास्तीत जास्त ३३ मिलिमीटर रुंद. एवढ्याशा रबरावर चिखल, वाळू, गवताचा तिरका उतार. मागचं चाक सुटलं तरी घाबरायचं नाही आणि ब्रेक दाबायचा नाही, हे शरीराला तिथे इतक्या वेळा शिकवलं जातं की ओल्या डांबरावर डोक्याला विचार करावा लागत नाही. गेल्या मोसमात त्या पावसाळी उतारावर घोळका फुटला तेव्हा पुढे राहिलेल्यांत तू होतीस. ते पायांमुळे झालं असं तुला वाटतं, मला नाही वाटत. पहिल्या तीस सेकंदांत जागा मिळवायची सवयही तिथलीच. अरुंद रस्त्याच्या आधी पुढे सरकायचं असतं तेव्हा रोडवरच्या मुली विचारात असतात आणि तू पोचलेली असतेस.

ट्रॅकने तुला दुसरंच काही दिलंय. ब्रेक नाही, फ्रीव्हील नाही, पायडल थांबवता येत नाही. त्यामुळे पुढच्या चाकापासूनचं अंतर वेगानेच सांभाळावं लागतं. एलिमिनेशनमध्ये दर दोन फेऱ्यांनी शेवटची स्वार बाद होते. त्या शर्यतीत जी पाठीमागून काय येतंय ते मान न वळवता ओळखायला शिकली, तिला रोडच्या शेवटच्या तीन किलोमीटरांत घोळक्यात अडकवणं अवघड जातं. माउंटन बाइकने नजर लांब टाकायला शिकवलं. दगडाकडे पाहिलंस तर दगडावरच जाशील, दोन दगडांमधल्या वाटेकडे पाहायचं.

हे सगळं फुकट मिळत नाही आणि आपोआप टिकतही नाही. २०२३ साली ग्लासगोमध्ये नेदरलँड्सचा मॅथ्यू व्हान डेर पूल रोडच्या जागतिक स्पर्धेत एकटा पुढे असताना शेवटच्या टप्प्यात ओल्या वळणावर पडला, बूट तुटला, तरी उठून जिंकला. सहाच दिवसांनी तिथल्याच माउंटन बाइकच्या जागतिक शर्यतीत तो सुरुवातीलाच पडला आणि शर्यत संपली. सायकल हाताळण्यात त्याच्याइतके तरबेज फार थोडे आहेत. त्याआधी २०२१ ला टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, टूर द फ्रान्समध्ये आघाडीवीराची पिवळी जर्सी घालून आलेला तोच व्हान डेर पूल एका खडकावरून कोसळला. सरावात तिथे उतरायला फळी होती, शर्यतीत ती नसेल हे त्याच्या डोक्यातच नव्हतं. इतर अनेकांना ते माहीत होतं. त्यांच्यापेक्षा तो कमी पडला तो पायांत नाही. त्या प्रकारातल्या बारीकसारीक गोष्टींची खबर ठेवायला जो वेळ द्यावा लागतो, तो त्या वर्षी त्याच्यापाशी नव्हता. (ती शर्यत जिंकली टॉम पिडकॉकने, आणि शर्यतीच्या दोन महिने आधी सरावात त्याचं कॉलरबोन मोडलं होतं. योगायोगाचा वाटा मी नाकारत नाही.)

म्हणून वेळ हाच खरा हिशोब आहे, आणि इथे मी तुझ्या कोचची बाजू सोडते.

ज्युनियर मुलींच्या रोड रेसला साधारण ८० किलोमीटरची मर्यादा असते. मोठ्या महिलांमध्ये ती १६० आहे. तू एका वाढदिवसात दुप्पट लांबीत जाणार आहेस. तिथे तुझा वेग पहिले दोन तास पुरेल, मला शंका नाही. तिसऱ्या तासानंतर, आधीच थकलेल्या पायांनी तोच जोर लावता येणं ही वेगळी गोष्ट आहे आणि ती लांब, कंटाळवाण्या, एकसुरी राइडशिवाय कुणालाच आलेली नाही. सायक्लोक्रॉसचा वीकेंड म्हणजे दोन दिवस प्रवास, दोन कडक तास, सोमवारी विश्रांती, मंगळवारी सायकली धुणं. चार तासांची राइड त्यात बसवायची कुठे? तुझी सराव डायरी उघड आणि नोव्हेंबर ते जानेवारीत तीन तासांवरच्या राइड मोज. मी मोजल्या नाहीत, पण आकडा मला आवडणार नाही हे ठाऊक आहे.

आणि शरीराकडे चार वह्या नसतात. चिखलातला ताण, ट्रॅकवरचे स्प्रिंट, परीक्षेची जागरणं, विमानतळावरची रात्र, सगळं एकाच खात्यावर चढतं.

फ्रान्सच्या पोलिन फेरां-प्रेव्होचं मी तुला नेहमी सांगते, आज पूर्ण सांगते. २०१४ च्या सप्टेंबरात रोड, २०१५ च्या जानेवारीत सायक्लोक्रॉस आणि त्याच सप्टेंबरात माउंटन बाइक. जगज्जेतीला मिळणाऱ्या तिन्ही इंद्रधनुषी जर्सी एकाच वेळी तिच्याकडे होत्या, वय २३. तसं आधी कुणीच केलं नव्हतं. पुढच्याच वर्षी रिओत तिला ऑलिंपिकची माउंटन बाइक शर्यत अर्ध्यात सोडावी लागली. पायाकडे रक्त नेणाऱ्या धमनीचा त्रास निघाला, २०१९ ला शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षी ती पुन्हा माउंटन बाइकची जगज्जेती झाली हे खरं, पण ऑलिंपिकच्या सुवर्णासाठी तिला पॅरिसपर्यंत, २०२४ पर्यंत थांबावं लागलं. ते मिळाल्यावर तिने माउंटन बाइक बाजूला ठेवली आणि पूर्णवेळ रोडवर आली. २०२५ मध्ये पॅरिस-रूबे ही एका दिवसाची शर्यत जिंकली आणि त्याच उन्हाळ्यात महिलांची टूर द फ्रान्सही. वय ३३.

लोक तिच्या तीन जर्सींचं पोस्टर लावतात. मी लावलं तर २०२४ आणि २५ चं लावीन. तेव्हाही ती बहुप्रकारांचीच खेळाडू होती, चिखलातलं आणि खडकांवरचं सगळं कसब तिच्या अंगात होतं, पण एका वेळी एकच गोष्ट तिच्या समोर होती. तुला माझं म्हणणं एवढंच आहे. चारही प्रकार तुझे राहू देत, पण एकापाठोपाठ एक.

मग या हिवाळ्यात? माझा प्रस्ताव असा. नोव्हेंबर पूर्ण रोडच्या पायाभरणीला. सायक्लोक्रॉस डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत, मोजक्या शर्यती, त्यातली राष्ट्रीय स्पर्धा ठरलेली. एका वीकेंडला एकच शर्यत. गुणांच्या मागे लागू नकोस. गुण नसल्यामुळे मागच्या रांगेतून सुरुवात करावी लागली तर कर, गर्दीतून वाट काढण्याचा सराव होईल. ट्रॅकवर पंधरवड्यातून एकदा, सरावापुरतं. आणि माउंटन बाइक पुढची दोन वर्षं शर्यतीसाठी नाही.

हे शेवटचं वाचून तू फोन बाजूला ठेवशील हे मला माहीत आहे. चारांत तुला तीच सगळ्यात आवडते. पण तिचा मोसम रोडच्या मोसमावरच येऊन बसतो. सायक्लोक्रॉसचं तसं नाही, तो हिवाळ्यात मावतो. कुठला प्रकार जास्त मोलाचा हा इथे प्रश्नच नाही, कॅलेंडरमध्ये कुठला बसतो एवढंच मी बघतेय. सुट्टीच्या दिवशी जंगलात जा, कोण अडवतंय, फक्त शर्यतीचा नंबर लावू नकोस.

आता मॅनेजरशी बोलताना. त्याची भीती दुखापतीची आहे, ती थट्टेवारी नेऊ नकोस. पण २०२४ च्या मार्चमध्ये बेल्जियमच्या वाउट व्हान आर्टचं कॉलरबोन, छातीचं हाड आणि बरगड्या मोडल्या त्या डांबरावर, रोडच्याच शर्यतीत. धोका फक्त चिखलात असतो हे त्याने धरलेलं गृहीतक तू शांतपणे तपासायला लाव. बंदीच्या जागी लिहून माग: शर्यतींची यादी टीम आणि तू मिळून ठरवणार, ठराविक तारखेनंतर सायक्लोक्रॉस बंद, शर्यतीत लागलं तर उपचार आणि विमा कुणाकडे. आणि सरावाचं नियोजन करणारी व्यक्ती एकच. ही अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. दोन कोच, दोन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, दोघांनाही तू ‘हो’ म्हणतेस आणि बुधवारी दोन्ही वर्कआउट करतेस. तुझ्या चांगुलपणाचा हा भाग मला अजिबात आवडत नाही.

एक बाईमाणूस म्हणून आणखी एक. नव्या टीममध्ये वजनावर बोलणारं कुणीतरी भेटेलच, चढावर वजनाच्या प्रति किलो किती वॉट ताकद लागते हे ऐकवेल. गणित खरं आहे, पण खाणं कमी करून ते सोडवणाऱ्या मुली एक-दोन मोसम उडतात आणि मग हाडं मोडून घेतात. सायकलिंगमध्ये हाडांवर आघात पडत नाही, त्यामुळे आपली हाडं तशीही लाडावलेलीच राहतात. व्यायामशाळेतली वजनं सोडू नकोस. पाळी लांबली किंवा थांबली तर ‘सराव जोरात चाललाय’ असं कौतुकाने सांगू नकोस, ती धोक्याची घंटा आहे. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा, टीमला नंतर कळव. लांब राइडमध्ये तासाला साठ ग्रॅम तरी कर्बोदकं पोटात जायला हवीत. सायक्लोक्रॉसमध्ये खायला वेळ नसतो म्हणून तुला न खाता सायकल चालवायची सवय लागली आहे. ती रोडवर नेऊ नकोस.

सायकलींच्या मापांचं थोडक्यात. चारही सायकलींवर सॅडलची उंची आणि पायडलपासूनचं अंतर शक्य तितकं जुळवून घे. माउंटन बाइकवर पाय थोडे जास्त फाकलेले राहतात, त्यामुळे आकडे तंतोतंत एक येणार नाहीत. नव्या टीमची सायकल मिळाली की पहिल्या दिवशी लांब जाऊ नकोस. गुडघ्याच्या तक्रारी बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतात.

पॉवर मीटरबद्दल, म्हणजे पायांची ताकद मोजणाऱ्या यंत्राबद्दल, विचारलं होतंस. सायक्लोक्रॉसच्या शर्यतीत स्क्रीन झाकून ठेव. आकडे घरी येऊन बघ.

रविवारपर्यंत दोन गोष्टी पाठव: ऑक्टोबर ते फेब्रुवारीचं कॅलेंडर, परीक्षेच्या तारखांसकट, आणि कराराची पूर्ण प्रत. फक्त त्या कलमाचा फोटो नको. मला विश्रांतीच्या दिवसांबद्दल आणि करार मध्येच मोडण्याबद्दल काय लिहिलंय ते बघायचंय. मॅनेजरला आत्ता इतकंच कळव की सही करायची इच्छा आहे, एका कलमावर बोलायचंय, आठवडा द्या. तो देईल. नाही दिला, तर मला लगेच फोन कर, सही करून मग नको.

तुझी,
मावशी