वाचकांचे प्रश्न : पवई तलावाचे पाणी

प्रश्न : पवई तलाव ब्रिटिशांनी बांधला म्हणतात, मग मुंबईकर त्याचे पाणी का पीत नाहीत? आणि तिथे खरोखर मगरी आहेत का? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : विहार व तुळशी या तलावांनंतर, १८९१मध्ये, शहराच्या वाढत्या तहानेसाठी बांध घालून पवई तलाव निर्माण झाला; मात्र त्याचे पाणी पिण्यायोग्य न ठरल्याने ते पुढे आरे वसाहत आणि कारखान्यांच्या वापरासाठीच उरले. पावसाळ्यात तलाव भरून वाहू लागला की ते पाणी मिठी नदीला मिळते.

मगरी आहेत, आणि त्यांना १९७२च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. हिवाळ्यातल्या उन्हात काठाच्या चिखलावर ओंडक्यासारखी निश्चल पडलेली मगर, उघडा जबडा दिसेपर्यंत ओळखूही येत नाही. तिच्याहून मोठा उपद्रव जलपर्णीचा, कारण सांडपाण्यावर पोसलेला हा हिरवा गालिचा खालच्या पाण्याचा प्रकाश व प्राणवायू दोन्ही तोडतो. (दुरून मात्र तो फारच देखणा दिसतो.)

काठाने आखलेला सायकल मार्ग मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२मध्ये पाणथळ क्षेत्रांच्या नियमांवर बोट ठेवून बेकायदा ठरवला आणि झालेले बांधकाम काढण्यास सांगितले.