यंत्रसंवाद : डॉज-फार्गोपासून ट्रान्झिट मिक्सरपर्यंत

मागील अंकात या सदरातून मुंबईच्या बांधकामांवर राबलेल्या ट्रकांची आणि काँक्रीट मिक्सरची थोडक्यात ओळख करून दिली होती. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी ज्यांची उत्तरे इतर वाचकांच्याही उपयोगी पडतील, अशी काही पत्रे येथे घेतली आहेत. मोटारगाड्यांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले जाते. परंतु खडी, रेती आणि सिमेंट वाहून ज्या वाहनांनी हे शहर उभे केले त्यांच्याविषयी फारच थोडे लिहिले गेले आहे, म्हणून या पत्रांचा मला मनापासून आनंद झाला.

प्रश्न : माझे वडील १९६० च्या दशकात रेतीबंदरावरून रेती आणणाऱ्या ट्रकवर होते. ते त्या ट्रकला ‘फार्गो’ म्हणत, तर आमच्या चाळीतले एक काका अगदी तशाच ट्रकला ‘डॉज’ म्हणत. हे दोन वेगळे ट्रक होते का? (एक वाचक, लालबाग)

उत्तर : आपले वडील आणि ते काका, दोघांचेही बरोबर होते. डॉज आणि फार्गो ही दोन्ही नावे अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीची. ट्रक मुळात एकच, त्यावरची नावाची पट्टी तेवढी वेगळी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीने क्रायस्लरच्या परवान्यावर कुर्ल्याच्या कारखान्यात १९४७ पासून गाड्यांची जुळणी सुरू केली. त्यामुळे आपल्या वडिलांचा ट्रक आपल्याच शहरात तयार झालेला असण्याची शक्यता मोठी आहे.

त्या काळी ट्रक कारखान्यातून पूर्ण बनून येत नसे, ही गोष्ट आज अनेकांना ठाऊक नसते. मालकाला चासी, इंजिन, बॉनेट आणि डॅशबोर्डपर्यंतचा पुढचा भाग एवढेच मिळे. केबिन आणि हौदा स्थानिक बॉडीबिल्डर लाकूड व पत्रा वापरून बांधून देत, आणि म्हणूनच एकाच कारखान्यातून निघालेले दोन ट्रक रस्त्यावर एकसारखे दिसत नसत. रेतीच्या ट्रकला मागून उघडणारा फाळका असे. हौदा उचलणारी हायड्रॉलिक यंत्रणा सर्रास नव्हती, त्यामुळे फाळका पाडून सगळी रेती फावड्यांनी उतरवावी लागे. वडिलांचा त्या ट्रकसोबतचा फोटो घरात असेल तर केबिनची बांधणी अवश्य पाहावी. ट्रक कोणत्या कंपनीचा यापेक्षा तो कोणत्या हातांनी घडवला हे त्यातून अधिक कळते.

प्रश्न : टाटाच्या ट्रकांवर १२१०, १६१३, २५१६ असे आकडे असत. त्यांचा अर्थ काय? जुने मेकॅनिक ‘सहाशे ब्याण्णव’ आणि ‘सहाशे सत्त्याण्णव’ इंजिन म्हणतात, ते काय असते? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : पहिले दोन आकडे म्हणजे माल भरलेल्या गाडीचे एकूण वजन टनांमध्ये, आणि शेवटच्या दोन आकड्यांना दहाने गुणले की इंजिनाची अश्वशक्ती ढोबळमानाने मिळते. त्यानुसार १२१० म्हणजे १२ टन आणि सुमारे १०० अश्वशक्ती, तर २५१६ म्हणजे २५ टन आणि सुमारे १६०. १९८६ मध्ये आलेला ४०७ हा छोटा ट्रकही, पुढे शून्य आहे असे धरून (०४ आणि ०७), याच पद्धतीने वाचावा.

इंजिनाच्या क्रमांकातला पहिला आकडा सिलिंडरची संख्या सांगतो आणि पुढचे दोन आकडे सिलिंडरचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतात. ६९२ म्हणजे सहा सिलिंडर, प्रत्येकी ९२ मिलिमीटर व्यासाचे. ६९७ मध्ये तोच व्यास ९७ मिलिमीटर. पाच मिलिमीटरची वाढ किरकोळ वाटेल, परंतु पिस्टनचा पल्लाही वाढवल्यामुळे इंजिनाचे आकारमान ४७८८ घन सेंटिमीटरवरून ५६७५ वर गेले, आणि डंपरचालकाला चढावर हा फरक लगेच जाणवत असे. टेल्कोने, म्हणजे टाटांच्या ट्रक बनवणाऱ्या कंपनीने, जमशेदपूरला १९५४ मध्ये डाइम्लर-बेंझच्या सहकार्याने ट्रक बनवायला सुरुवात केली. तो करार १९६९ मध्ये संपला आणि पुढच्या जाळीवरच्या, बेंझची खूण असलेल्या तीन टोकांच्या ताऱ्याच्या जागी ‘टी’ हे अक्षर आले. जुन्या फोटोतील टाटा ट्रक कोणत्या काळातला हे ओळखण्याची ही सर्वांत सोपी खूण आहे. अशोक लेलँडने आकड्यांऐवजी कॉमेट, बीव्हर, टॉरस अशी नावे रूढ केली.

प्रश्न : फिरत्या ड्रमचा ट्रक, म्हणजे ट्रान्झिट मिक्सर, प्रथम कोणी बनवला? (एक विद्यार्थी, घाटकोपर)

उत्तर : तयार काँक्रीट ट्रकने पोहोचवण्याचा प्रयोग अमेरिकेत बाल्टिमोर येथे १९१३ मध्ये झाला, पण तो साध्या ट्रकमधून. चालत्या ट्रकवर मिक्सर बसवण्याच्या कल्पनेसाठी ओहायो राज्यातील स्टीफन स्टेपेनियन या आर्मेनियन वंशाच्या संशोधकाने १९१६ मध्ये पेटंटचा अर्ज केला. एवढे वजन ट्रक पेलू शकणार नाही, असे म्हणून तो नाकारण्यात आला होता.

प्रश्न : ट्रान्झिट मिक्सरचा ड्रम सतत फिरत असतो, तोंडही उघडे असते, तरी माल बाहेर का येत नाही? आणि रिकामा करताना ड्रम वर उचलावा का लागत नाही? (स्थापत्य अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, गोरेगाव)

उत्तर : या यंत्राची सगळी खुबी आपल्या प्रश्नात आली आहे. ड्रमच्या आतल्या बाजूला पोलादी पट्ट्यांचे दोन मळसूत्री पंखे वेल्डिंगने जोडलेले असतात. ड्रम एका दिशेने फिरला की हे मळसूत्र काँक्रीटला पुढे, म्हणजे केबिनच्या बाजूच्या खोलगट तळाकडे ढकलत राहते. दिशा उलटी केली की तेच मळसूत्र माल मागच्या तोंडाकडे आणते आणि तो च्यूटवरून, म्हणजे पन्हळीवरून, खाली उतरतो. भरणे, ढवळणे आणि रिकामे करणे ही तिन्ही कामे केवळ फिरण्याची दिशा आणि वेग बदलून होतात. वाटेत ड्रम मिनिटाला साधारण दोन ते सहा फेरे इतक्या सावकाश फिरतो, मिसळताना वेग वाढवतात.

ड्रम फिरवण्याची शक्ती कुठून येते, हेही पाहण्यासारखे आहे. काही गाड्यांत ती ट्रकच्या इंजिनातूनच हायड्रॉलिक पंपाद्वारे घेतली जाते. आपल्याकडे अनेक गाड्यांवर मात्र केबिनच्या मागे दुसरे छोटे डिझेल इंजिन बसवलेले असते, त्याला ‘स्लेव्ह इंजिन’ म्हणतात. ट्रकचे इंजिन वाटेत बंद पडले तरी ड्रम फिरता राहतो, हा त्याचा मोठा आधार. कारण ड्रम थांबला आणि माल आत घट्ट झाला तर तो छन्नी-हातोड्याने फोडून काढण्यावाचून गत्यंतर नसते.

वजनाचे गणितही करून पाहावे. काँक्रीटचे वजन घनमीटरला सुमारे २.४ टन धरले, तर सहा घनमीटरचे १४.४ टन होतात. तीन आसांच्या, दहा चाकांच्या गाडीला पूर्वी एकूण २५ टनांची परवानगी होती, त्यात सहा घनमीटरचा ड्रम नेमका बसे. २०१८ मध्ये ही मर्यादा २८.५ टन झाली आणि सात घनमीटरचे ड्रम सोयीचे ठरले. एवढा ओला माल जमिनीपासून बराच उंच असतो आणि फिरत्या ड्रमच्या एका कडेला किंचित चढलेला असतो, त्यामुळे उड्डाणपुलाच्या वळणावर ही गाडी इतर ट्रकांपेक्षा लवकर कलंडू शकते. मागे राहून हॉर्न वाजवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : आमच्या सोसायटीचा पुनर्विकास सुरू आहे. पूर्वी जागेवर मिक्सर लावून, डोळ्यांसमोर माल कालवून घातलेले स्लॅब अधिक मजबूत असत, असे ज्येष्ठ सभासद म्हणतात. शिवाय काँक्रीटच्या गाडीत साइटवर पाणी घालताना आम्ही पाहिले. हे योग्य आहे का? (सोसायटीच्या समितीचे सदस्य, मुलुंड)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते तातडीचे आहे. गाडीवर पाण्याची टाकी असते ती प्रामुख्याने ड्रम आणि च्यूट धुण्यासाठी. माल पंपातून सरकत नाही म्हणून मुकादमाच्या सांगण्यावरून त्यातले पाणी ड्रममध्ये सोडणे ही घातक सवय आहे. आकड्यांनीच पाहू. घनमीटरला ३५० किलो सिमेंट आणि पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ असेल, तर पाणी सुमारे १५७ लिटर ठरते. सहा घनमीटरच्या गाडीत वरून १०० लिटर पाणी घातले की प्रत्येक घनमीटरमध्ये जवळजवळ १७ लिटर वाढतात आणि प्रमाण ०.५० पर्यंत जाते. आयएस ४५६ या भारतीय मानकानुसार समुद्रकिनाऱ्याच्या हवेत उघड्या असणाऱ्या प्रबलित काँक्रीटसाठी किमान एम ३० ही ताकदीची प्रत आणि जास्तीत जास्त ०.४५ हे प्रमाण सांगितले आहे. मुंबईच्या खाऱ्या हवेत सळ्या गंजून स्लॅबचे पापुद्रे पडतात, ते ज्यांनी जुन्या इमारतींत पाहिले आहे त्यांना या एका आकड्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. माल घट्ट वाटत असेल तर काँक्रीट बनवणाऱ्या प्लँटच्या अभियंत्याच्या देखरेखीखाली प्लास्टिसायझर हे रसायन वापरून तो सरकता करता येतो.

आता ज्येष्ठांच्या मताविषयी. दहा-सातचा मिक्सर म्हणजे दहा घनफूट कोरा माल घेऊन सात घनफूट काँक्रीट देणारे यंत्र. स्लॅबच्या दिवशी नारळ फोडून काम सुरू झाले की खडी, रेती आणि सिमेंट हॉपरमध्ये (माल ड्रमपर्यंत नेणाऱ्या डब्यात) पडत, तारेच्या दोरावर हॉपर वर चढे, चालक हातचाक फिरवून ड्रम कलता करी आणि माल घमेल्यांच्या रांगेने वर जाई. त्या माणसांच्या कष्टांविषयी मला अपार आदर आहे, आणि चांगला मिस्त्री असेल तर कामही उत्तम होई. परंतु त्या पद्धतीत माप घनफळाने घेतले जाई आणि पाणी डब्याने, नजरेच्या अंदाजाने पडे. पावसाळ्यात ओलसर रेती फुगते. तिचे घनफळ पंचवीस-तीस टक्क्यांपर्यंत वाढू शकते, म्हणजे मापाची पेटी तीच भरली तरी रेती कमी पडे, आणि रेतीतले पाणी तर कोणी मोजतच नसे. मानकाने ठरावीक प्रमाणाच्या (नाममात्र) एम २० मिश्रणासाठी ५० किलोच्या गोणीला जास्तीत जास्त ३० लिटर पाणी ठरवले होते. प्रत्यक्षात त्या मर्यादेवर लक्ष ठेवणारा माणूस साइटवर असेलच, याची खात्री नसे.

बॅचिंग प्लँटमध्ये प्रत्येक घटक वजनाने घेतला जातो आणि रेतीतला ओलावा धरून पाणी कमी केले जाते, म्हणून माझा कौल स्पष्टपणे तयार काँक्रीटच्या बाजूने आहे. मुंबईत ते १९९० च्या दशकात रुळले. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या राज्य रस्ते विकास महामंडळाने उड्डाणपुलांची मोठी मालिका हाती घेतली तेव्हा त्याची गरज सर्वांना पटली. पण या पद्धतीला वेळेचे बंधन आहे. आयएस ४९२६ नुसार, माल भरल्यापासून साधारणपणे दोन तासांच्या आत गाडी रिकामी झाली पाहिजे. नवी मुंबईच्या बाजूने निघालेली गाडी पूर्व द्रुतगती मार्गावरच्या कोंडीत अडकली की हे दोन तास पाहता पाहता सरतात, म्हणून उन्हाळ्यात बर्फ आणि सेटिंग लांबवणारी रसायने वापरतात आणि पायाचे मोठे काम शक्यतो रात्री घेतात.

समितीने इतके तरी करावे. प्रत्येक गाडीच्या चलनावरची माल भरल्याची वेळ पाहावी. माल उतरण्यापूर्वी स्लम्प चाचणी घ्यायला लावावी : ३०० मिलिमीटर उंचीच्या शंकूत माल थराथराने भरतात, प्रत्येक थर सळईने २५ वेळा ठासतात आणि शंकू उचलल्यावर माल किती खचला ते मोजतात. ताकद तपासण्यासाठी १५० मिलिमीटरचे क्यूब (काँक्रीटचे ठोकळे) आपल्यासमोर भरले जावेत, त्यांवर तारीख आणि गाडीचा क्रमांक लिहिला जावा, आणि सात व अठ्ठावीस दिवसांचे निकाल समितीच्या फायलीत यावेत.

प्रश्न : वडिलांचा जुना दहा-सातचा मिक्सर आमच्या गोदामाबाहेर पडून आहे. भंगारवाला मागतो आहे, पण मला तो चालू स्थितीत जपायचा आहे. सुरुवात कुठून करू? (एक वाचक, भिवंडी)

उत्तर : तो भंगारात देऊ नका. जुन्या मोटारी जपणारे पुष्कळ आहेत, मिक्सर जपणारे मात्र मला फारसे भेटलेले नाहीत. सर्वप्रथम इंजिनावरची आणि सांगाड्यावरची धातूची पट्टी शोधा, मऊ ब्रशने स्वच्छ करा आणि तिचा फोटो घ्या. रंगकाम करणारा माणूस आधी तिच्यावरच रंग फासतो. अशा यंत्रांवर बहुधा एक सिलिंडरचे, हँडल मारून चालू करायचे डिझेल इंजिन असे. ते अडकले असेल तर हँडलवर जोर लावू नका, सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडून काही दिवस तसेच राहू द्या. हॉपरचा तारेचा दोर बाहेरून बरा दिसला तरी नवाच टाका आणि ब्रेकचे अस्तर तपासून घेतल्याशिवाय हॉपर वर चढवू नका. दोर तुटल्याने किंवा ब्रेक सुटल्याने खाली येणारा हॉपर हा या यंत्राचा सर्वांत मोठा धोका आहे. ड्रमभोवतीच्या दातेरी कड्याचे दात एकेक करून पाहा. एखादाच तुटला असेल तर तो वेल्डिंगने भरून घासता येतो. ड्रममध्ये चिकटलेले जुने काँक्रीट इंजिन बंद करून, हँडल काढून स्वतःजवळ ठेवून, तोंडाला धूळरोधक मास्क लावून आणि काँक्रीट आधी पाण्याने भिजवूनच फोडावे, कारण त्या धुळीतील सिलिका फुप्फुसांना अपायकारक असते. पट्टीवरचा क्रमांक आणि फोटो या सदराकडे पाठवलात, तर सुटे भाग मिळवण्याविषयी पुढील अंकात सविस्तर लिहीन.