'सवलतींत कपात' म्हणावं का?

ब्रिटनमधल्या एका बातमीचं मराठी करताना 'डिसॅबिलिटी बेनिफिट कट्स'ला 'अपंगांच्या सवलतींत कपात' म्हटलं तर चालेल का, असा प्रश्न आहे.

'कपात' काही ठिकाणी चालेल. 'सवलत' मी मुळीच वापरणार नाही.

'सवलत' अरबी 'सुहूलत'वरून आली, मूळ अर्थ सोपेपणा. मराठीत तिला देणाऱ्याच्या मर्जीचा वास लागला. तिकिटात सवलत, व्याजात सवलत, मुदतीत सवलत. देणारा ती देतो आणि वाटलं तर मागे घेतो, त्याला कुणी जाब विचारत नाही. आता ब्रिटनमधली 'पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट' ही रक्कम पाहा. २०१३ पासून ती दिली जाते. माणूस नोकरी करतो की नाही, त्याची कमाई किती, हे त्यासाठी पाहत नाहीत. अपंगत्वामुळे जगण्याचा जो जादा खर्च होतो, त्यापोटी ती असते. अशा रकमेला मराठीत शब्द आहेच: भत्ता. प्रवासभत्ता घेणाऱ्याला आपण कुणाच्या उपकारावर जगतो असं वाटत नाही, मग व्हीलचेअरवरच्या माणसाला तरी का वाटावं?

आता 'कपात'. पगारकपात, पाणीकपात, वीजकपात. मोजता येईल अशा गोष्टीची कपात होते आणि कपातीनंतर काहीतरी उरतं. 'हक्कात कपात' असं मराठी माणूस म्हणत नाही. हक्क डावलतात, हिरावतात, हक्कावर गदा येते. हा फरक बातमीत जपायला हवा, कारण संयुक्त राष्ट्रांच्या २००६च्या अपंग हक्क करारातलं २८वं कलम पुरेसं राहणीमान आणि सामाजिक संरक्षण यांना हक्कच म्हणतं. ब्रिटनने २००९ साली हा करार मान्य केला. पुढे याच कराराच्या समितीने तिथल्या कल्याणयोजनांतल्या बदलांची चौकशी केली आणि २०१६ मध्ये अपंगांच्या हक्कांचं गंभीर किंवा पद्धतशीर उल्लंघन झाल्याचा निष्कर्ष काढला. त्या निष्कर्षाचं वृत्त देताना 'सवलती कमी केल्याचा ठपका' असं लिहिलं, तर वाचणारा म्हणेल, सवलतच ती, कमी केली तर एवढं काय बिघडलं?

'कपात' अपुरी पडते ती जागा आणखी महत्त्वाची आहे. पुष्कळदा रकमेला कुणी हातच लावत नाही, बदलतात ते निकष. मार्च २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने मांडलेला प्रस्ताव असाच होता. या भत्त्याच्या दैनंदिन जगण्याच्या भागासाठी वेगवेगळ्या कामांचे गुण मिळून ८ झाले की पुरत. कंबरेखालचं अंग धुवायला मदत लागते, २ गुण. खालचे कपडे घालायला मदत लागते, २ गुण. असे दोन-दोन जमून ८ होत. नव्या अटीनुसार एकाच कामात किमान ४ गुण हवे होते. म्हणजे चार कामांना मदत लागणाऱ्या या माणसाचा तो भाग पूर्ण बंद, आणि त्याची काळजी घेणाऱ्याचा भत्ता त्यावरच अवलंबून असला तर तोही बंद. जोरदार विरोधानंतर १ जुलै २०२५ रोजी सरकारने ही अट विधेयकातून काढत असल्याचं जाहीर केलं. हिला 'कपात' म्हटलं तर सगळ्यांना थोडं थोडं कमी मिळणार होतं असा समज होतो. इथे 'भत्ता बंद होणार' किंवा 'यादीतून वगळणार' असंच लिहायला हवं.

आणि अशा वगळलेल्यांना 'अपात्र' म्हणू नका, ही माझी कळकळीची विनंती. सरकारी कागदावर तो साधा शब्द वाटतो, पण मराठीत 'पात्र'च्या मागे 'सत्पात्री दान' उभं असतं. दान घ्यायला कोण लायक, हे दाता ठरवतो. माझ्या बहिणीच्या हातात असं 'अपात्र' लिहिलेलं पत्र पडलं तेव्हा तिने पैशांचं नंतर विचारलं. आधी विचारलं, "म्हणजे मी लायक नाही?" तेव्हापासून मी 'निकषांत न बसणारे' असंच लिहितो. चार अक्षरं जास्त लागतात, पण तपासायची गोष्ट निकष आहे, माणूस नव्हे, हे त्यात राहतं.

'सरकारने हात आखडता घेतला' हा बातमीदारांचा आवडता वाक्प्रचारही इथे टाळलेला बरा. त्यात दात्याचाच हात दिसतो. त्याच घटनेला ज्याचं जातं तो 'पोटावर पाय' म्हणतो. बातमीत तेही नको, पण त्या माणसाचं बोलणं अवतरणात देत असाल तर ते बदलू नका.

'अपंग' की 'दिव्यांग' हा वाद मोठा आहे, तो इथे उकरत नाही. ज्याच्याविषयी लिहिता त्याला विचारता आलं तर विचारा.

तुमच्या मथळ्यापुरतं: दर कमी झाले असतील तर 'अपंगांच्या भत्त्यात कपात', निकष बदलले असतील तर 'नव्या निकषांमुळे अपंगांचा भत्ता बंद'.