शार्लोट लेकला सासूबाईंना नेता येईल का?

प्रश्न: आम्ही डोंबिवलीला राहतो. दिवाळीनंतर माथेरानला सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचा प्लॅन आहे. सासूबाई 68 वर्षांच्या, गुडघे दुखतात पण घोड्यावर बसणार नाही म्हणतात आणि पोरांना शार्लोट लेकमधे डुंबायचंय. जमेल का? अजून कुठले पॉइंट बघावेत?

उत्तर: सासूबाईंचं नक्की जमेल, पोरांचं मात्र नाही. त्या तळ्याचं पाणी गाव पितं हो, बांध घालून अडवलेलं पाणी आहे ते, त्यात पायसुद्धा घालू नये असं मला मनापासून वाटतं, शिवाय तिथे माणसं बुडालेली आहेत त्यामुळे पोरांना घरूनच नीट सांगून न्या, तिथे गेल्यावर रडारड नको.

आता जायचं कसं. लोकलने नेरळ, पुढे शेअर टॅक्सीने दस्तुरी नाका, तिथून आत गाड्या बंद. नेरळहून निघणारी 1907 पासूनची टॉय ट्रेन छानच आहे पण चढायला दोन तासांहून जास्त घेते, एका दिवसात परवडत नाही. त्यापेक्षा दस्तुरीहून थोडं चालून अमन लॉज स्टेशन गाठा आणि तिथून टॉय ट्रेनचीच छोटी शटल गाडी पकडा, ती थेट बाजाराजवळ सोडते म्हणजे सासूबाईंची अडीच-तीन किलोमीटरची चाल वाचली, गुडघे तळ्यासाठी राखून ठेवा.

बाजारातून तळ्यापर्यंतची वाट लाल मातीची, बरीचशी झाडांच्या सावलीतली. बसत बसत गेलात तरी तासाभरात पोचाल. उतारावर बारीक खडी सरकते तेव्हा चपला नकोत, बूट घाला आणि त्यांच्या हातात काठी द्या. आणि येताना चढ लागतो, हे लक्षात ठेवून दमायच्या आधीच परत फिरा. वाटेत वर फांद्यांकडे बघत चला, शेकरू दिसू शकतं. माकडं तर दिसणारच, खाऊ हातात धरू नका, पिशवीही घट्ट.

काठावरच पिसारनाथाचं देऊळ आहे, माथेरानचं ग्रामदैवत, सासूबाईंना तिथे निवांत बसवा आणि तेवढ्यात पोरांना घेऊन लॉर्ड पॉइंट किंवा एको पॉइंट करून या, दोन्ही जवळच आहेत. बाकीचे पॉइंट सोडून द्या. एका दिवसात दहा पॉइंट उरकायच्या नादात तळ्यावर फोटोपुरते थांबणारे लोक बघितले की वाईट वाटतं.

सुट्टीचे दिवस टाळा, मंगळवार-बुधवार बघा. आणि शटलमधून उतरल्या उतरल्या परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ स्टेशनवर विचारून घ्या.