रेंजमध्ये आहे, पण ऑप्टिमलमध्ये नाही

"मॅडम, रेंजमध्ये आहे, पण ऑप्टिमलमध्ये नाही." गेल्या वर्ष-दीड वर्षात टिळक रोडवरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय, की समोरचं माणूस पिशवीतून रक्ताच्या रिपोर्टांची फाइल काढायला लागलं तरी मला ते ऐकू येतं. म्हणून मेधाची (नाव बदललंय) हकिकत तिला विचारून इथे सांगतेय.

मेधा ४२ वर्षांची, राहायला कोथरूडला, नोकरी बँकेत. फाइलमध्ये सात रिपोर्ट. लॅबने छापलेल्या प्रत्येक रेंजशेजारी तिने हिरव्या पेनाने दुसरी, अरुंद 'ऑप्टिमल', म्हणजे सर्वांत उत्तम मानलेली, रेंज लिहिली होती. इंटरनेटवरच्या कुठल्याशा तक्त्यातून उतरवलेली. टीएसएच (थायरॉइडची तपासणी) लॅबच्या मते ०.४ ते ४, हिरव्यात १ ते २. हिरव्यात न बसणाऱ्या आकड्याभोवती गोल. एका पानावर मी अकरा गोल मोजले.

पहिल्या दोन भेटी रेंज म्हणजे काय, यातच गेल्या. बहुतेक तपासण्यांची रेंज निरोगी माणसांच्या आकड्यांवरून काढतात. दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के सोडायचे, मधले ९५ टक्के घ्यायचे. म्हणजे धडधाकट माणसांतलेही शंभरात पाच बाहेर राहणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या, तर निरोगी माणसाची एखादी तरी रेंजबाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के. (साखर आणि कोलेस्टेरॉलचं तसं नाही. एचबीए१सीची, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची, ५.७ ही रेघ आजाराच्या धोक्यावरून आखलेली आहे, तिथे 'चालायचंच' म्हणू नका.) 'ऑप्टिमल' आकडेही दगडावर कोरलेले नसतात. व्हिटॅमिन डी किमान ३० हवं, असं अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने (हॉर्मोनतज्ज्ञांची संघटना) २०११ मध्ये म्हटलं. २०२४ मध्ये त्यांनीच तो आग्रह सोडला.

मेधाने सगळं ऐकून घेतलं. पटलं मात्र काही नाही.

तिसऱ्या भेटीत ती जरा विजयाने म्हणाली, "एप्रिलमध्ये टीएसएच ३.४ होतं. पावडर सुरू केली, जूनमध्ये २.३ आलं!"

"रक्त किती वाजता दिलं होतंत?"

तिने पानं उलटली. वेळ रिपोर्टवर छापलेली असते, कुणी पाहत नाही. एप्रिलमध्ये सकाळी ६.५०. जूनमध्ये दुपारी १२.४०. टीएसएच रात्री आणि पहाटे चढलेलं असतं, दुपारकडे उतरतं. एवढा फरक त्यानेही पडू शकतो.

"म्हणजे मी घड्याळच मोजत होते?"

मग बराच वेळ ती पेनाचं टोपण काढत आणि लावत बसली. शेवटी म्हणाली, "पण मॅडम, थकवा खरा आहे हो. दोन वर्षं डॉक्टर म्हणतात, सगळं नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका. काहीतरी आहे, असं पहिल्यांदा या तक्त्यानेच सांगितलं."

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीने काम करते. 'हवं' आणि 'हवंच' यांतला फरक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसने दाखवला, तो माझ्या कामाचा कणा आहे. त्या दिवशीही 'आकडा हिरव्यातच हवा' या हट्टावर बोलायची माझी तयारी होती. ते मी बाजूला ठेवलं. तिच्या थकव्यावर विश्वास ठेवणारा तो तक्ता एकटाच होता. तो मी काढून घेतला असता, तर तिच्या हाती काय उरणार होतं? इतक्या वर्षांच्या कामाने मला हे ऐकायला शिकवलं, याचं समाधान वाटतं.

"फाइल मिटा," म्हटलं. "काय होतं ते सांगा."

दुसऱ्या मजल्यावर चढताना धाप. कंगव्यात केसांचे पुंजके. पाळी सात-आठ दिवस, पहिले तीन दिवस अंगावर खूप जाणारं. हे सांगून झाल्यावर फाइल पुन्हा उघडली, तेव्हा अकरातला एकच गोल डोळ्यांत भरला: फेरिटिन ११. लॅबची रेंज १० पासून, म्हणून 'नॉर्मल'. हिमोग्लोबिन १२.१, तेही ठीक. पण जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांत १५ च्या खालचं फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा संपत आल्याचं मानते. दहा बिनमहत्त्वाच्या गोलांत तो एक हरवला होता.

औषध सांगणं माझं काम नाही. आम्ही दोघींनी मिळून डॉक्टरांसाठी एक कागद लिहिला. वर तक्रारी, खाली तो एक आकडा, आणि शेवटी एक प्रश्न. तुम्हीही तो प्रत्येक गोलापाशी विचारा: "हा आकडा बदलला, तर माझ्या उपचारात काय बदलेल?" उत्तर 'काही नाही' असेल, तर ती तपासणी दर महिन्याला करू नका. दोन रिपोर्टांची तुलना करायची असेल, तर लॅब तीच, वेळही तीच ठेवा.

डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला म्हणे. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. 'हवंच'वर आम्ही त्यानंतर बोललो, आणि तेव्हा ते तिला पटकन उमगलं.

शेवटच्या भेटीत तिने मोबाइलमधली पुढची नोंद दाखवली. तीन महिन्यांनी, सकाळी सात, तीच लॅब, फक्त फेरिटिन आणि हिमोग्लोबिन.