सुट्टीत मुलीसाठी वाचनाची योजना कशी आखावी? यादी करूनही ती वाचत नाही.

तुम्ही लिहिलंय की मुलगी तिसरीत आहे, शाळा इंग्रजी माध्यमाची, राहायला घणसोलीला. उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी तुम्ही तीस मराठी पुस्तकांची यादी केलीत, सोसायटीतल्या बाकीच्या आयांनाही पाठवलीत, आणि मुलगी तिसऱ्याच पुस्तकाला कंटाळली.

माझं म्हणणं असं, की योजना जरूर करा, पण ती तुमच्या स्वतःच्या वाचनाची करा आणि मुलीला ती दिसू द्या. तिचं काय वाचायचं ते तिचं तिला ठरवू द्या.

आम्ही ठाण्यात राहतो. आमच्या फ्रीजवर एक कागद असतो, त्यावर घरातल्या प्रत्येकाच्या नावाचा रकाना. या महिन्यात कोण काय वाचणार ते ज्याने त्याने लिहायचं. सासूबाईंच्या रकान्यात उन्हाळा आला तरी दिवाळी अंकच असतात. नवऱ्याने आपल्या रकान्यात किल्ल्यांवरच्या एका जाडजूड पुस्तकाचं नाव लिहिलं होतं. मुलगा रोज जेवताना विचारायचा, "बाबा, कुठवर आलं?" एके दिवशी बाबांनी सांगून टाकलं, "नाही जमत रे, फार तपशील आहे. सोडतोय." मुलाने उठून स्वतः ते नाव खोडलं आणि विचारलं, "मग आता काय घेणार?" आवडलं नाही तर पुस्तक अर्ध्यात सोडता येतं आणि लगेच दुसरं हातात घेता येतं, हे त्याला त्या रात्री कळलं. आपण मुलांना 'घेतलंस ना, मग पूर्ण कर' म्हणतो आणि त्यांचा पुस्तकावरचा जीव उडवतो. मुलाच्या स्वतःच्या रकान्यात किड्यांवरचं एकच पुस्तक महिनोनमहिने आहे. राहू दे की! तेच तेच वाचण्यातही मुलांना नवं सापडत असतं.

तुमच्या मुलीचा खरा अडथळा वेगळा असावा असं मला वाटतं. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना मराठी ऐकून छान समजतं, पण वाचताना जोडाक्षरांपाशी गाडी अडते. 'ज्येष्ठ' किंवा 'स्वातंत्र्य' सोडवता सोडवता आधीचं वाक्य डोक्यातून निसटतं, मग गोष्टीत रस कुठून राहणार? आणि तिच्या वाचायच्या वेगाला झेपतील अशी पुस्तकं द्यावीत तर ती तिला बाळबोध वाटतात. यावर एकच उपाय मला खात्रीचा वाटतो : मोठ्याने वाचून दाखवा. 'आता तिला वाचता येतं' म्हणून बरेच आईबाप नेमकं याच वयात ते बंद करतात. या वयात कान डोळ्यांच्या बरेच पुढे असतात. जे तिला स्वतःला वाचायला जड जाईल ते तुमच्या तोंडून ती सहज ऐकेल.

रात्री जेवणं उरकल्यावर पंधरा-वीस मिनिटं पुरतात. गोष्टीतल्या एका पात्राचे संवाद तिला द्या, बाकी सगळं तुम्ही वाचा. समजा तिच्याकडे म्हातारीची वाक्यं आली, तर आपली पाळी कधी येते म्हणून ती पानावर बोट ठेवून पुढचं शोधत बसते, आणि तेवढ्यात चार ओळी नकळत वाचून होतात. ऐन रंगात आलं की थांबा. हट्ट केला तर पुस्तक तिच्या उशाशी ठेवून दिवा थोडा वेळ चालू ठेवा. आणि कृपा करून शेवटी 'यातून काय शिकलीस?' विचारू नका.

पुस्तकं आणायला तिला घेऊनच जा. घणसोलीहून ट्रान्सहार्बर लोकलने ठाण्याला आलात की स्टेशनपासून जवळच मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, 1893 सालचं. वर्गणी आणि अनामत किती ते तिथेच विचारा. त्यापेक्षा जवळ एखादं छोटं वाचनालय असेल तर तेही उत्तम, कारण वारंवार जाणं झालं पाहिजे. पुस्तक निवडणं, काउंटरवर देणं, परतीची तारीख लक्षात ठेवणं ही सगळी कामं तिची. ती तारीख आईने लावलेली नसते, त्यामुळे मुलं ती पाळतात.

फुकट हवं असेल तर बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर वाचायला मिळतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी चित्रकथा आहेत, सोप्यापासून अवघडापर्यंत चार पातळ्यांत लावलेल्या. मात्र मोबाइल तिच्या हातात देऊन उठून जाऊ नका, शेजारी बसून वाचा.

आयांच्या ग्रुपवर याद्या फिरतात तेव्हा पाठोपाठ 'आमच्याने बारा संपवली' सुरू होतं. ते बंद करा आणि प्रत्यक्ष पुस्तकं फिरवा. आमच्या इमारतीत शनिवारी संध्याकाळी मुलं जिन्यात बसून अदलाबदल करतात. "हे घे, यात भूत आहे, पण शेवटी चांगलं निघतं," एवढ्या शिफारशीवर पुस्तक हातोहात जातं. तशी शिफारस आपल्याला जमणार नाही.

प्रत्येक पुस्तकामागे बक्षीस द्यावं का, असंही तुम्ही विचारलंय. देऊ नका. मुलं मग पातळ पुस्तकं शोधायला लागतात. काही द्यावंसं वाटलंच तर तिला पुस्तकांच्या दुकानात न्या, किती रुपयांपर्यंत घ्यायचं ते आधी सांगा आणि निवड तिच्यावर सोडा. तिने विनोदांचं पुस्तक किंवा कॉमिक उचललं तरी बिनतक्रार पैसे द्या.