सॅमनचे घरटे, खळगा की उकीर?

प्रश्न असा आहे : सॅमन माशाची मादी ओढ्याच्या तळाशी अंडी घालण्यासाठी जी जागा करते, तिला इंग्रजीत ‘रेड’ म्हणतात, मराठीत तिला ‘घरटे’ म्हणावे की ‘विणीचा खळगा’?

माझ्या मते दोन्ही शब्द अपुरे पडतात. घरटे काडी काडी आणून बांधलेले असते. सॅमनची मादी मात्र कुशीवर होऊन शेपटीचे जोरदार फटके मारते, त्या ओढीने गोटे उचलले जातात आणि बारीक गाळ प्रवाहाबरोबर निघून जातो. अंडी घालून झाली आणि नराने ती फलित केली, की मादी लगेच प्रवाहाच्या वरच्या अंगाला पुन्हा उकरू लागते, आणि तेथून सुटलेले गोटे अंड्यांवर येऊन बसतात. म्हणजे शेवटी दिसणारा खळगा रिकामा असतो आणि अंडी त्याच्या खालच्या अंगाच्या उंचवट्यात पुरलेली असतात. ‘खळगा’ म्हटल्यास वाचकाची नजर नेमकी चुकीच्या जागी जाईल.

म्हणून मी ‘विणीचा उकीर’ असे सुचवतो. घुशी, उंदीर, खेकडे यांनी उकरून टाकलेल्या मातीच्या ढिगाला आपण उकीर म्हणतो. येथे मातीऐवजी गोटे आहेत, एवढा अर्थ ताणावा लागतो. पण तळाची उलथापालथ या शब्दात टिकून राहते, आणि तीच येथे महत्त्वाची आहे. ब्रिटिश कोलंबियातील काही ओढ्यांत वर्षभरात तळावरून सरकणाऱ्या गोट्यांपैकी जवळपास निम्मे सॅमनच्या उकरण्याने हलतात, असे मोजले गेले आहे. दगडांवरचे शेवाळ खरवडले जाते, त्यांच्या आडोशाने राहणारी मेफ्लाय, स्टोनफ्लाय या कीटकांची पिल्ले वाहून जातात आणि विणीच्या दिवसांत त्यांची संख्या झपाट्याने घटते. अलास्कातील ब्रिस्टल उपसागराच्या परिसरात, जेथे सॉकाय जातीचे सॅमन दाटीने येतात त्या ओढ्यांतले बरेच कीटक सॅमन पोहोचण्यापूर्वीच पंख फुटून पाण्याबाहेर पडतात. पुढे विणीनंतर मेलेल्या सॅमनच्या कलेवरांतून नायट्रोजन व फॉस्फरस ओढ्याला मिळतात, आणि काही कीटकांना त्यांचा लाभही होतो.

याच विषयावर लिहिताना सॅमनच्या वरच्या दिशेच्या प्रवासाला ‘स्थलांतर’ऐवजी ‘चढण’ म्हणावे. कोकणात पहिल्या पावसात ओहोळांतून वर येणाऱ्या माशांना चढणीचे मासे म्हणतात, आणि तेही अंडी घालण्यासाठीच चढतात.